तक्रारींचं टेबल

साहेब,

तुमच्या तक्रार विभागात दिवसभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्याची मी बायको. परवा दूध उतू गेलं म्हणून मी खेकसले, तर हे फोनवरच्याच आवाजात म्हणाले, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मी पोट धरून हसले. काल लेक जिन्यात पडली. रक्त बघूनही हे तिला तेच म्हणाले, तेव्हा मी हे पत्र लिहायला बसले.

त्यांनी रजा मागितली, तर तुम्ही 'हसत राहा' लिहिलेला कप दिलात! अहो, 'बरा आहेस ना?' एवढं तरी विचारायचं.

पण हे पत्र पाठवू कशी? तुमच्याकडची प्रत्येक तक्रार यांच्याच टेबलावर येते. हे ती वाचतील आणि माझीही माफी मागतील.

यांचीच,
बायको