वांग्याच्या पानाबरोबर धाडलेला निरोप

कुरुंदवाड, रविवार

चि. आदितीस,

धनपालकाकाचे जय जिनेंद्र आणि भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झालाय. तुझं जेवणखाण आणि प्रयोगशाळा ठीक असावी. तुझे वडील, म्हणजे आमचे थोरले आण्णा, यांची प्रकृतीही ठीकच असेल (हे मी विचारलेलं नाही, नुसतं लिहिलंय).

सोबतच्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात बाटली आणि बाटलीत तू मागितलेलं पान आहे. त्याची हकिकत तुला कळवणं मी कर्तव्य समजतो. तू बजावलं होतंस की आरएनए म्हणजे पेशीनं स्वतःसाठी लिहिलेले निरोप. बोटाचा घाम लागला, थुंकीचा शिंतोडा उडाला तरी त्यांचे तुकडे होतात. म्हणून मी सकाळी आंघोळ करून, हातमोजे घालून, तोंडाला पांढरं फडकं बांधून वांग्यात उभा राहिलो. तेवढ्यात बर्फ घेऊन फक्रुद्दीन आला. काय चाललंय, असं त्यानं विचारलं. थुंकी उडू नये म्हणून मी बोललो नाही, नुसते हात जोडले. त्यानं फटफटी वळवली आणि धनपालशेठनी मौन धरल्याची बातमी गावात पोचवली. गावानं तीत भर घालून मला दीक्षाच देऊन टाकली (दीक्षा घेणारा माणूस झाडाचं हिरवं पान तोडायला जाईल का, एवढा विचार कुणी केला नाही). लोक नारळ घेऊन थेट वांग्यात आले. तुझी रत्नाकाकू आधी रडली, मग डोळे पुसून सगळ्यांसमोर म्हणाली, "घ्याची तर घ्या दीक्षा, न्हायतर न्हाय. पर आदी थोरल्या भावाम्होरं हात जोडून या की."

मला ते फार लागलं.

वाटणीच्या वेळी आण्णा म्हणाले होते, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. रागातलं एक वाक्य. त्यांच्या लक्षातही नसेल, पण मी ते आजवर पाळत आलो. क्षमावाणीच्या दिवशी मी गावभर हात जोडून क्षमा मागत फिरतो आणि आण्णांना मात्र ग्रुपवर आलेला मेसेज तसाच पुढे पाठवतो. झाड असं करत नाही, हे तूच सांगितलंस. लिहिलेल्या निरोपातला नको तो मजकूर पेशी कापते, उरलेला जोडते, त्याबरहुकूम काम करते आणि काम झालं की निरोपच मोडून टाकते. नाहीतर तेच ते करत बसेल. वांग्याला जमतं ते मला जमलं नाही, याचं वाईट वाटतं.

डबा घेऊन फक्रुद्दीनच येतोय. त्याला चहा पाज, पण त्याच्या बातम्यांवर विश्वास ठेवू नको.

तुझा काका,
धनपाल

ता. क. तू लाल फीत बांधलेलं रोप नारळवाल्यांनी तुडवलं. पान शेजारच्या रोपाचं आहे. तेही नुसत्या हातानं तोडलंय, कारण हातमोज्यांनी मी डोळे पुसले होते.

आणखी ता. क. हे पत्र पेशीच्या हाती पडलं असतं तर कापून-जोडून एवढंच उरलं असतं: आण्णांना विचार, उंबऱ्याचा तो निरोप अजून चालू आहे का? मोडला असेल तर मी येतो.

शेवटचं. पत्र वाचून फाडून टाक. पण आधी त्यांना दाखव.