पोट दुखायचं थांबलं तो दिवस

आई, गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये मासे विकायला येणारी मुर्धा गावची मावशी टोपली खाली ठेवून जिन्यातच वाकडी होऊन बसली. "काय न्हाय गो, गॅस हाय," म्हणाली. कुठे दुखतंय विचारलं, तर आधी बेंबीपाशी होतं, आता उजवीकडे खाली सरकलंय. बावीस वर्षांपूर्वी तू मला हेच सांगितलं होतंस.

तू तेव्हा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होतीस. त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीतच घरी आलीस, असं कधी झालं नव्हतं. ओवा चावलास, बेंबीभोवती हिंग लावलास, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी घेतलीस. गुरुवारी ताप आला, उलट्या झाल्या, तरी ओट्याला रेलून चपात्या लाटत होतीस. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या. "पोटात दुखलं म्हणून कोण डॉक्टरकडे जातं? तुझा खाडा होईल," तू म्हणालीस. माझी नोकरी नवी होती. मी दुसऱ्यांदा म्हटलंच नाही.

शुक्रवारी दुपारी तुझं दुखणं एकदम थांबतं. तू उठून बसतेस, पेज मागतेस. "बघ, गेलं की नाही?" मी देवापुढे साखर ठेवते. संध्याकाळपर्यंत तुझं पोट फळीसारखं कडक झालेलं असतं, तू हात लावू देत नाहीस. रिक्षा खड्ड्यात आदळली की माझं मनगट आवळतेस, पण ओरडत नाहीस. अपेंडिक्स फुटलं होतं, म्हणूनच कळ थांबली होती, हे ऑपरेशननंतर कळलं. पू पोटभर पसरला होता. रविवारी तू गेलीस.

मावशीला मी गोळी दिली नाही, पाणीही दिलं नाही. तिच्या सुनेला फोन करून हॉस्पिटलात बोलावलं आणि तिला सरळ रिक्षात घातलं. "माझी टोपली?" एवढंच ती विचारत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "प्रत्येक पोटदुखी अपेंडिक्सची नसते. खडा असतो, अल्सर असतो, कधी नुसता गॅसही असतो. पण दुखणं वाढत चाललं, ताप-उलट्या आल्या, सरळ उभं राहता येईना, तर घरी अंदाज करत बसायचं नाही." मग त्यांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मावशी म्हणाली, "आज सकाळपासून." सून खाली बघत राहिली. माझा आवाज एकदम चढला, "खरं काय ते सांगा!" तेव्हा सून पुटपुटली, "परवापासून."

मावशी वाचली. सून माझ्या पाया पडायला आली, तर मी मागे सरकले.

कारण तुला आत नेताना मलाही हेच विचारलं होतं, आणि मी "आज सकाळपासून" म्हणाले होते. तीन दिवस तू घरात कळवळत होतीस, हे सांगायची मला लाज वाटली. तू शुद्धीत होतीस. माझ्याकडे बघितलंस, मग डॉक्टरांकडे बघून मान डोलावलीस. माझं खोटं तू खरं करून दिलंस. मामाला, माझ्या नवऱ्याला, सगळ्यांना मी आजवर एकच दिवस सांगत आलेय. हा कागदही त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतेय.