नांगराचा नवा दोर

१७ ऑगस्ट १९६४

होडीच्या नांगराचा जुना दोर उकलून पाहिला. वरून ठीक — आत काळा, कुजका! आमच्या ह्यांनी आणि माझ्या एकनाथदादाने आपापले दोर पावसाळाभर ओलेच एका झापाखाली टाकलेले. नारळी पुनव झाली की दोघांच्या होड्या निघणार, आणि कुणाला फिकीर नाही! हे म्हणतात, "एक खेप सहज काढंल." काढेल! खडकावर नेऊन आपटेल तेव्हा?

२१ ऑगस्ट

सासूबाई आणि मी मिळून काथ्याचा नवा दोर वळला. हाताची सालं निघाली. हे बाजूला बसून विडी ओढतात, वर विचारतात, "एवडा जाड? आगबोट बांदायची हाय का?" डोकंच फिरलं माझं. दादासाठीही वळला असता, पण काथ्या संपला. पालघरच्या बाजारातही नाही.

२३ ऑगस्ट, नारळी पुनव

दादाला राखी बांधली. म्हटलं, काथ्या मिळेपर्यंत थांब, त्या दोरावर जाऊ नकोस. हसला नुसता! "तू राखी बांद, दोर मी बांदतो." पहाटेच निघणार. सगळ्यांच्या आधी जायचंय ना!

२४ ऑगस्ट

दादा गेला.

आणि आमच्या होडीत नवा दोर नाही! जुनाच पडलाय. विचारलं तर हे म्हणतात, "ठेवलाय जपून." जपून ठेवायला तो काय लग्नातला शालू आहे? वाट्टेल ते बोलले मी. सासूबाईंनीही झाडलं. हे आपले मान खाली घालून जाळं शिवत बसले. अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग!

२६ ऑगस्ट

गेले. जुन्याच दोरावर. मी किनाऱ्यावर गेले नाही.

२८ ऑगस्ट

कालपासून वारं सुटलंय. सातपाटीच्या सगळ्या बायका बंदरावर उभ्या.

२९ ऑगस्ट

दादा आला! वारं होडीला एडवणच्या खडकांकडे लोटत होतं — नांगर टाकला आणि दोराने धरून ठेवली, म्हणाला. त्या कुजक्या दोराने? दादा म्हणतो, "कुजका कुठला गो? निगायच्या आदी तुज्या वामननं तुमचा नवा बांदून दिला. म्हनला, सुगंधाला सांगू नको, ओरडंल."

३० ऑगस्ट

हे अजून आले नाहीत.

या हो. नाही ओरडत.