आवाज देणारी बाई

२ जानेवारी, शुक्रवार
नवीन वर्षाचे संकल्प. काळजी करायची नाही. झोपताना गॅस बंद आहे का हे एकदाच बघायचं. आणि 'गलबत नऊ' ऐकताना जीव गुंतवायचा नाही, फक्त चुका काढायच्या.

'गलबत नऊ' म्हणजे मोबाईलवरची श्रुतिका. माझ्या नातीचं नावही श्रुतिकाच, त्यामुळे घरात गोंधळ होतो. नात अंधेरीला साऊंड स्टुडिओत कामाला आहे, ही मालिका तिथेच बनते. दर शुक्रवारी एक भाग. अंतराळात फिरणारं यान आणि त्याचा कॅप्टन शार्दूल. मी साकीनाक्याला लेथ मशीन चालवली. शाळा सातवीत अर्धी सुटली असली तरी मशीन या विषयात मला कोणी शिकवू नये.

आजची चूक : यान वर चढताना टॉप गिअरमध्ये होतं. साधी एसटी घाटात असं करत नाही.

दुसरी चूक जुनीच. यानाच्या बोलणाऱ्या यंत्राचं नाव नाखवीण, आणि ती चक्क मालवणीत बोलते. आज शार्दूलने यानाचं दार उघडं टाकलं तर म्हणाली, "मेल्या, दार लाव आधी, भायर काय तुझो बापूस बसलो हा?" कॅप्टनला! मी हसलो, पण निषेध म्हणून.

नंतर पाणी काढताना फ्रीज उघडा राहिला तर जानकी आतून ओरडली, "फ्रीजचा दार लावा आधी, आत काय तुमचो बापूस बसलो हा?" मला ती मेल्या म्हणत नाही, नवरा आहे मी. पण कोकणातल्या बायकांचा साचाच एक, हे सिद्ध झालं.

६ जानेवारी, मंगळवार
जानकी दिवाळीपासून दर मंगळवारी नातीबरोबर अंधेरीला जाते. ठेवणीतलं लुगडं नेसून, तोंडात ज्येष्ठमध धरून. आज विचारलंच, तिथे करतेस काय? म्हणाली, "आवाज देऊक जातंय."

लगेच उलगडा झाला. स्टुडिओत सगळे कानाला हेडफोन लावून बसतात. चहा आला तरी कोणाला पत्ता नसतो. मोठ्या गळ्याचं माणूस लागणारच आवाज द्यायला. या गळ्याने मी पन्नास वर्षं दचकतोय, निदान कुठे उपयोगी तरी पडला. तसं तिला सांगितलं. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमी खयचीय गोष्ट शेवटपर्यंत ऐकतास काय ओ?"

९ जानेवारी, शुक्रवार
खाली बाकावर अल्फान्सो भेटला. वाकोल्याचा, आता मुलीकडे जोगेश्वरीला राहतो. तोही 'गलबत नऊ'वाला, पण दृष्टी वैज्ञानिक नाही. नाखवीणवर फिदा आहे. म्हणाला, "माझी नॅन्सी गेल्यापासून मला कोणी मनापासून झापलं नाय रे अंबादास. शुक्रवारी या बाईचं ऐकतो, मग जेवण जातं."

मी म्हटलं, यंत्राने झापायचं नसतं, बीप वाजवायचं असतं.

तो म्हणाला, "तू शेवटी नावं सांगतात ती ऐकतोस का?" मी म्हटलं, गोष्ट संपली की मी बंद करतो, नावांवर डेटा कोण घालवणार? तो बराच वेळ हसला. खोकला येईपर्यंत. वय झालंय त्याचं.

१४ जानेवारी, संक्रांत
मोठी बातमी. नाखवीणवर टीव्हीची मालिका येतेय. नात म्हणाली, याला स्पिन-ऑफ म्हणतात. स्पिन मला माहीत आहे, वॉशिंग मशीनवर असतं. कपडे पिळून उरलेलं पाणी पाईपने मोरीत सोडतात. टीव्हीची एकंदर कल्पना आली.

आवाज तोच ठेवायचा की बदलायचा, हे चॅनलवाल्यांचं ठरत नाही. म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर श्रोत्यांची मतं मागवली आहेत. नात म्हणाली, आजोबा, ती बाई साधी घरातली आहे, आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव टीव्हीवर येईल, खूप आस लावून बसलीय हो. मी म्हटलं, वयस्कर वाटते, या वयात रामराम म्हणावं. जानकीने तिळगुळाचा डबा ओट्यावर असा आपटला की लाडू उडाले.

नंतर माझ्या शेजारी येऊन बसली. ती बसत नाही सहसा. विचारलं, "तुमका कशी वाटता ती? खरा सांगा."

खरं सांगितलं. कर्कश. यंत्र कसं शुद्ध हवं, बातम्या देणाऱ्या बाईसारखं. आज संक्रांत, मी म्हटलं, गोड बोलायला त्या यंत्राला कोणीतरी शिकवा. जानकी उठून लाडू वेचायला लागली. विज्ञानात तिला रस नाही.

१९ जानेवारी
मोहीम सुरू. बोलून टाईप होतं ती सोय वापरली. स्पष्ट उच्चारात म्हणालो, "यंत्राने शुद्ध मराठी बोलावे." पाठवल्यावर बघतो तर, "यंत्राने शुद्ध म्हातारी बोलवावी." दुरुस्ती पाठवायला गेलो तर एका नंबरावरून एकच मत.

अल्फान्सोचा फोन मागितला. म्हणाला, "नाय देणार. आणि तूपण गप घरी बस, वाट लावशील."

कुठली तरी शुद्ध म्हातारी खरंच बोलावली तर? बीपी वाढल्यासारखं वाटतंय.

२० जानेवारी, मंगळवार
जानकी आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन घेतला. या वेळी बोटाने टाईप केलं. "हा आवाज आता बंद करावा. सहन होत नाही. दुसरी चांगली बाई बघावी. आपली, जानकी अंबादास परब, जोगेश्वरी." एका कोकणी गृहिणीने असं म्हटलं की वजन पडतं. पाठवून मेसेज पुसून टाकला. तिच्या फोनवरची जागा उगाच कशाला अडवा?

लगेच उत्तर आलं, "तुमची अडचण समजली. निर्णयाचा आदर करतो." काय पण अदब! तेही पुसलं.

२४ जानेवारी
विजय! आवाज बदलणार.

पण नात संध्याकाळी तणतणत आली. आजोबा, आजीच्या फोनवरून काय पाठवलंत? मी म्हटलं, लोकमत. ती रडायलाच लागली. म्हणे त्यांना निमित्तच हवं होतं, आता फोन केला तर म्हणतात, दुसऱ्या मॅडमना शब्द दिलाय. ती पुढे काहीतरी सांगणार होती, पण जानकीने तिला थांबवलं. म्हणाली, "रवांदे गो. ऐकाचा ता त्यांनी ऐकल्यानी नाय. आता सांगान काय उपयोग?"

म्हणजे त्या म्हातारीचं काम गेलं. वाईट वाटलं. पण विज्ञान पुढे जायचं तर एखादी म्हातारी मागे राहणारच.

२ फेब्रुवारी
घरात शांतता. जानकीचं अंधेरीला जाणंही बंद. चहासाठी घंटा बसवली असेल. आवाज चढवून तर ती बोलतच नाही. "जेवायला वाढलं आहे." "गोळी घ्या." तीही शुद्ध बोलायला लागली. माझ्या मोहिमेचा घरातसुद्धा परिणाम! बीपी मोजायला गेलो तर उलट वाढलंय. डॉक्टरचं मशीन बिघडलंय, त्याला तसं सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
टीव्हीवर 'नाखवीण'चा पहिला भाग. सोफ्यावर ताठ बसून पाहिला. शार्दूलने दार उघडं टाकलं. नवीन आवाज म्हणाला, "कृपया द्वार बंद करावे." अतिशय शुद्ध. पण शार्दूल हलेना. ती पुन्हा म्हणाली, कृपया. तो तरी हलेना. कोण हलेल? मीसुद्धा हललो नसतो.

मध्ये मला डुलकी लागली. पुढचं जानकीला विचारलं. म्हणाली, मी पाहिलं नाही.

१९ फेब्रुवारी
दूध नासलं. रात्रभर फ्रीज उघडा होता आणि मला कोणी काही बोललं नाही. परवा तर गॅसवर चहाचं भांडं जळलं. मी चारदा उठून बघतो तो गॅस, आणि नेमका दिवसा चालू राहतो. पूर्वी असं व्हायचं नाही. पूर्वी काय वेगळं होतं ते आठवत नाही.

चॅनलला तक्रार करायला हवी. जुनी बाईच बरी होती म्हणून. पण माझा नंबर वापरून झालाय. जानकीचाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
'गलबत नऊ'चा शेवटचा भाग. आवाज बदलायच्या आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला, त्यामुळे त्यात जुनी नाखवीणच. मी गुडघ्यांना तेल चोळत ऐकत होतो. यानाची बॅटरी संपते आणि शार्दूल रडतो. नाखवीण म्हणते, "रडतंस कित्याक मेल्या? पेज जेव, आणि दार लावन नीज." मग गप्प होते. कायमची.

माझे डोळे भरून आले. तेलाचा हात लागला असणार.

त्याच तेलकट हातांमुळे मोबाईल बंद करता येईना. गाणं संपलं, नावं सुरू झाली. शार्दूल कोण, लेखक कोण. मग, "नाखवीणला आवाज दिला आहे, जानकी अंबादास परब यांनी."

दुसरी असेल कोणीतरी. मुंबईत परब काय कमी आहेत?

मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आवाज दिला आहे. दिला आहे. माझं नावसुद्धा मधोमध होतं, दिवाळीपासून दर शुक्रवारी. अंतराळात.

२८ फेब्रुवारी
सकाळी अल्फान्सोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, "सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं रे. जानकीबाईंनी बजावलं होतं, त्यांना आपसूक ओळखू दे." मग शिवी देणार होता, पण त्याने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. शिवी परवडली असती.

दुपारी जानकी पोळ्या करत होती. कसं विचारायचं ते सुचेना. शेवटी फ्रीजपाशी गेलो आणि दार सताड उघडून उभा राहिलो. ती बघत होती. मी तसाच उभा. आतला गार वारा पोटरीला लागत होता. म्हटलं, आता बापाचा उद्धार होईल. वडिलांना जाऊन तीस वर्षं झाली, पण त्यांनीही आज वाईट वाटून घेतलं नसतं.

जानकीने तवा खाली उतरवला. गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कृपया द्वार बंद करावे."

उच्चार स्वच्छ होता. एकही चूक काढता आली नाही.