महामार्गावर डोळे वटारलेली आई

३ फेब्रुवारी

चि. ड्रायव्हरसाहेबांस ताईचे अ. उ. आ. वि. वि.,

झेंडा हलवायचा पगार मिळतो का, असं विचारलंस. मिळतो हो! महामार्गाच्या कामावर दिवसभर लाल झेंडा धरून उभी असते, आणि तुझे व्यवसायबंधू नव्वदच्या वेगाने मलाच हात करून निघून जातात. मंगळवारी एका ट्रकने रस्ता अडवायला ठेवलेले तीन शंकू उडवले. आमच्या रोलरवाल्या काकांनी चरात उडी मारली म्हणून जीव वाचला, पाय मात्र मोडला. मला आता भीती वाटते रे. 'हळू चालवा' या पाटीला कुणी भीक घालत नाही. तुम्ही लोक घाबरता तरी कुणाला?

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती वाढव.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. माल वेळेत पोचवायचा की प्रत्येक पाटीला मान द्यायचा? आणि शंकू रबराचेच, पडले तर पडले. घाबरायचं म्हणशील तर पोलिसाला नाही, दंडालाही नाही. मी फक्त आईला घाबरतो. तिने चाळीस वर्षं शाळेत पोरं सरळ केली. तिला रस्त्यात उभी कर, रणगाडासुद्धा थांबेल!

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

तुझा सल्ला मानला. पाटीवाल्याकडून आईचा वर्गातला फोटो पुरुषभर उंच फळीवर रंगवून घेतला. नाकावर चष्मा, वटारलेले डोळे, उगारलेलं बोट. शाळेत अशी एक बाई प्रत्येकाला भेटलेली असते, त्यामुळे गाड्या मुकाट हळू होतात. एकाने तर थांबून शर्टाची वरची बटणं लावली. आईला यातलं अक्षरही कळवू नकोस, नाहीतर माझी धडगत नाही.

पत्राची वाट बघते.
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

काल त्याच रस्त्याने आलो. वळणावर आई दिसली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिच्यामागे दहा पावलांवर तू पाठमोरी, वाकून शंकू उचलत होतीस. माझा नेहमीचा वेग असता तर? पुढचं लिहवत नाही. आजवर किती शंकू उडवले, आठवतही नाही. त्यांच्यामागे कुणीतरी वाकलेलं असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. तुला हाक मारायचंही धाडस झालं नाही.

आईला मीच सगळं सांगून टाकलं. फळीवरचं नाक मोठं झालंय का, एवढंच तिने विचारलं. ते तपासायला रविवारी ती माझ्या ट्रकमधून येतेय. वीसच्या वेगाने येईन. फळीवरच्या आईकडे बघणारही नाही. तू झेंडा दाखव, मी थांबतो.

चुकलो, तरी जवळ धर.
तुझा धाकटा