क्वामिनोची सुटका

९ मे १८२६

मेले नाहीत!

काल पाद्रीबाबा शेवटच्या प्रार्थना म्हणून गेले. मी पेटीतला काळा झगा काढून वाऱ्याला टाकला होता. आणि आज सकाळी मामंजी उठून बसले, उकडलेलं अंडं मागितलं आणि ते कडक झालं म्हणून चमचा माझ्या दासीच्या, सेब्राच्या अंगावर फेकला! नव्वदी आली. तोंडात दात नाही. ऐकू येत नाही — म्हणजे ऐकायचं नसेल तेव्हा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

सेब्राने चमचा उचलला, पुसला, दुसरं अंडं आणून दिलं. तिच्या जागी मी असते तर त्या अंड्यात —

नको. लिहू नये.

१५ मे

मेजर टिबेट येऊन गेला. जुलैच्या चार तारखेला स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात. कचेरीपुढच्या मैदानात मंडप घालणार, तोफ उडवणार, अख्खी डुकरं भाजणार. आणि मधोमध खुर्चीत कोण? मामंजी! त्या वर्षी फिलाडेल्फियात बसून इंग्रजांच्या राजाला धुडकावून लावणाऱ्यांत हे होते, आणि आता या भागात त्यांच्यातलं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मेजर म्हणतो, "लेटिशियाबाई, केवढं तुमचं भाग्य! देशाच्या जन्मदात्याची सेवा तुमच्या हातून घडतेय."

भाग्य! सकाळी या म्हणावं, त्यांचं भांडं उपसायला.

पुढे म्हणतो, भाषणात माझ्या नवऱ्याचं, फिलिपचंही नाव घेणार आहे. "बाप लेखणीने लढला, मुलगा बंदुकीने. असं घराणं दाखवा दुसरं!" मामंजींनी डोळे मिटून मान हलवली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, देव जाणे.

१६ मे

झोप लागली नाही. खरं काय ते या कागदाला तरी कळू दे.

लढाईच्या शेवटच्या वर्षांत माणसं कमी पडली, तेव्हा घरटी एक जण पाठवा असा हुकूम आला. आमचे मामंजी, जज अँब्रोज लॅम्बर्थ, चर्चच्या पायरीवर उभे राहून गरजत होते — स्वातंत्र्यासाठी पोटचे गोळे द्या! लोकांनी दिले. आणि स्वतःचा गोळा? डोंगरात आत्याच्या घरी लपवला. त्याच्या जागी त्याचा कोट, त्याची बंदूक आणि त्याचं नाव देऊन घरच्या काळ्या गुलामाला, क्वामिनोला, लांबच्या पलटणीत धाडलं. तिथे आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पटावर "फिलिप लॅम्बर्थ" एवढंच लागलं. पटावर कातडीचा रंग थोडाच लिहितात!

निघताना मामंजींनी त्याला शब्द दिला होता. "परत आलास की तू मोकळा."

तो कॅरोलिनात लढला. मांडीत गोळी घेऊन, लंगडत परत आला. आणि मामंजी त्याला काय म्हणाले? "लढला तो फिलिप लॅम्बर्थ. क्वामिनो कुठे लढला? पटावर दाखव."

हे मला फिलिपनेच सांगितलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. दर चार जुलैला गाव त्याला उभं करायचं, टोप्या उडवायचं. घरी आला की तो बाटली घेऊन तबेल्यात जाऊन बसायचा. नऊ वर्षांपूर्वी घोड्यावरून पडला. लोक म्हणाले अपघात. मी म्हणते त्याला त्याच्या बापाने मारलं — पस्तीस वर्षं थोडं थोडं करून.

२४ मे

क्वामिनो रोज सकाळी मामंजींची दाढी करतो. वस्तरा गळ्यावर फिरत असतो! आज तो पाणी फेकायला बाहेर आला तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "कधी मनात काही येत नाही रे?"

तो हसला. "येतं की, बाईसाहेब. मग सेब्रा मनात येते."

"मोकळं व्हावंसं वाटतं अजून?"

"गोळी लागली त्या दिवसापासून तेवढंच वाटतंय."

मी म्हटलं, "मी बघते काय करायचं ते." तो वस्तरा पुसत राहिला. मग म्हणाला, "जजसाहेबांशी बोलायच्या आधी एकदा सेब्राशी बोला, बाईसाहेब."

सेब्राशी काय बोलायचं? ती काय नको म्हणणार आहे? बायकोच आहे ना त्याची!

११ जून

बोलले! 

मामंजी व्हरांड्यात होते. पुढे ताकाचा पेला. मी सरळ म्हटलं, "क्वामिनोला मोकळं करा. नाहीतर चार तारखेला मंडपात उठून सांगेन फिलिप कुठे होता ते."

आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मी त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं.

"बाई मंडपात बोलणार? लोक वेडी म्हणतील तुम्हाला, सूनबाई."

"म्हणू देत. पण क्वामिनोच्या मांडीत इंग्रजांची गोळी कशी आली, हेही विचारतीलच ना?"

"स्वतःच्या नवऱ्याचं नाव मातीत घालाल?"

"ते तुम्हीच घातलंत. तो बिचारा आयुष्यभर ते उकरत बसला."

मामंजींनी पेला खाली ठेवला. ओठावरचं ताकही पुसलं नाही. मग म्हणाले, "म्हातारा झालाय क्वामिनो. तसाही आता काय कामाचा!" आणि थोड्या वेळाने — "पण त्याला सोडीन मीच. सगळ्यांसमोर, माझ्या पद्धतीने. तुम्ही मधे तोंड घालायचं नाही."

घ्या श्रेय! आयुष्यभर तेच केलंत. माणूस सुटला म्हणजे झालं.

१२ जून

सेब्राला सांगितलं. मला वाटलं ती माझे हात धरेल, रडेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, "बरं, बाईसाहेब." बस्स, एवढंच! या लोकांच्या मनातलं कळणं कठीण.

४ जुलै

डोकं ठणकतंय. ऊन, तोफ, धूळ, मेजरचं भाषण — लांबच लांब! मामंजींना खुर्चीसकट चौघांनी मंडपात नेलं. बायका त्यांच्या बाहीला हात लावून डोळे पुसत होत्या. एकीने तर आपलं तान्हं त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते रडायला लागलं. मुलांना कळतं!

फिलिपचं नाव आलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मी बसून होते. लोकांना वाटलं मला भरून आलं.

मग मामंजींनी हात वर केला. आवाज कसला, वाळक्या पानाची सळसळ. पण माणूस मुरलेला! म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वी आम्ही एक गोष्ट सुरू केली. मरण्यापूर्वी माझ्या घरात ती पुरी करून जातो. क्वामिनो, पुढे ये. आजपासून तू तुझा."

काय टाळ्या! काय रडारड! मेजर टिबेटने मामंजींना मिठी मारली. पाद्रीबाबा म्हणाले, असा पुरुष पुन्हा होणे नाही. क्वामिनो टोपी हातात धरून उभा होता. त्याचा हात कुणी हातात घेतला नाही. लढाई, गोळी, दिलेला शब्द — कशाचं नाव नाही. जणू मामंजींना पहाटे दयेचा उमाळा आला!

असो. जिंकले मी! फिलिप, ऐकतोयस ना? जिंकले मी.

९ जुलै

मेजर कागदावर शिक्का मारून घेऊन आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "आता वर्षाच्या आत त्याला राज्य सोडावं लागेल. मोकळा झालेला काळा माणूस इथे राहू शकत नाही, कायदा आहे. राहिला तर धरून पुन्हा विकतात."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यातच आलं नाही. मामंजींच्या मात्र आलं असणार. बिस्किट चहात बुडवून चोखत होते, अगदी निवांत.

२३ जुलै

क्वामिनो आला होता. मागच्या दाराने नाही, पुढच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. टोपी काढली, एवढंच.

"बाईसाहेब, ओहायोला जायचं म्हणतो, तिथे गुलाम ठेवत नाहीत. थंडीच्या आधी. सेब्राला माझ्याबरोबर द्या."

द्या म्हणजे? सेब्रा माझी आहे. माझ्या वडिलांनी लग्नात मला दिलेली, तेव्हा तिला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं दुसरं आहे काय?

मी म्हटलं, "मी मेल्यावर ती मोकळी. तसं लिहून ठेवते. माझा शब्द."

तो म्हणाला, "शब्द घेऊन मी एकदा लढाईला जाऊन आलोय, बाईसाहेब."

तोंड वर करून! मी त्याच्यासाठी म्हाताऱ्याशी भांडले, त्याचं हे!

२४ जुलै

माझी गोष्ट वेगळी आहे. मी कुणाला वचन देऊन फसवलं नाही. सेब्रावर मी कधी हात उगारला नाही. तापात तिच्या उशाशी बसले आहे. तिची लेक माझ्या भाचीला लग्नात दिली तेव्हा बरोबर कपड्यांची भरलेली पेटी दिली होती — कोण देतं? मामंजी देतील?

आणि माझे सांधे हे असे. सकाळी मला उठवून बसवणार कोण? केस कोण विंचरणार? पीच उतरायला आलेत, त्यांचा मुरंबा, मग हॅमला धुरी द्यायची, मग मेणबत्त्या. नवीन बाई आणायची, शिकवायची — माझ्या या वयात!

क्वामिनोने जावं, घर थाटावं. पुढे बघू. मी नाही म्हटलेलं नाही. पुढे बघू म्हटलंय.

६ ऑगस्ट

सेब्रा केस विंचरताना एक अक्षर बोलत नाही. पूर्वी सगळ्या गावाच्या गोष्टी सांगायची. मीच विचारलं, "रागावलीस?" म्हणाली, "मी कशी रागावेन, बाईसाहेब?" आणि विंचरत राहिली. हात तसाच हलका.

आज तिला माझी निळी शाल दिली. चांगली आहे, एका टोकालाच कसर लागलीय. तिने घडी करून बाकावर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

१९ ऑगस्ट

जेवताना मामंजींनी मला विचारलं, "सूनबाई, माझं तर मी दिलं. तुमचं कधी?"

मी म्हटलं, "तुम्ही दिलं नाही, मी द्यायला लावलं."

"खरं आहे," म्हणाले. "मला लावायला तुम्ही होतात. तुम्हाला लावणारं कुणी नाही." आणि हसले. त्या बिनदाताच्या हिरड्या! ताट उचलून तोंडावर मारावंसं वाटलं.

मी तुमच्यासारखी नाही. नाही. नाही!

३ सप्टेंबर

चूल थंड. मी हाक मारली. पुन्हा मारली. अंथरुणात पडून हाका मारत राहिले, शेवटी स्वतःच भिंतीला धरून खाली आले. स्वयंपाकघर झाडलेलं, भांडी पालथी घातलेली, पिठाच्या डब्यावर झाकण. शाल बाकावर.

क्वामिनोची खोलीही रिकामी.

निरोपसुद्धा घेतला नाही माझा! इतक्या वर्षांनी! मी दिवसभर रडले. मामंजी अंडं मागत होते. मला कुठे येतंय ते करता!

५ सप्टेंबर

वर्तमानपत्रासाठी मजकूर लिहिला. "पळून गेली आहे. नाव सेब्रा, वय पन्नाशीचं, अंगाने बारीक, डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण, बोलायला मऊ. नवऱ्याबरोबर ओहायोच्या वाटेवर असावी. नवरा मोकळा आहे, पण लंगडतो, त्यामुळे भरभर जाता येणार नाही. धरून आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस. — लेटिशिया लॅम्बर्थ."

मेजर टिबेट घेऊन जायला आला तेव्हा मामंजींनी हात पुढे केला. भिंग लावून सावकाश वाचलं आणि कागद मेजरच्या हातात दिला.

"एक अक्षरही बदलू नका," म्हणाले. "सूनबाई छान लिहितात."