मागे उभं राहून सांगणारा

२ जून
आलो एकदाचा. माफेतेंगहून निघाल्यापासून तीन गाड्या बदलल्या, शेवटचा घाट मक्याच्या पोत्यांवर बसून चढलो आणि इथे पोचल्यावर खोलीच्या आधी गाडी बघायला गेलो. दवाखान्याची रुग्णवाहिका. पांढरी, दणकट, दाराला थोडा पोचा आहे, पण इंजिनाचा आवाज खणखणीत. मागे डावीकडे एक बाक, उजवीकडे एक, मध्ये जागा. नऊ वर्षं टॅक्सी हाकल्यावर अशी गाडी हातात आली, आणखी काय हवं?

मुख्य परिचारिका मापुलेंग यांनी, सगळे मानाने त्यांना म्मे म्हणतात, किल्ली दिली आणि वर तंबीही, की डोंगरातली गाडी नवऱ्यासारखी असते, सकाळी ऊब दिल्याशिवाय जागची हलत नाही, खालच्या मुलखातली घाई इथे चालायची नाही. मी म्हटलं, नवऱ्याबद्दल माझ्या बायकोला विचारून बघा. हसल्या.

बायको शनिवारी येईल. माझ्या आईने लग्नाच्याच दिवशी तिचं नाव मानेओ ठेवलं, नेओची आई, आमच्यात सगळ्याच सुनांचं मूल व्हायच्या आधीच ठेवतात तसं. त्याला सहा वर्षं झाली. नेओ दोनदा येता येता राहिली. हाक ऐकली की मानेओचा चेहरा उतरतो, ते मला बघवत नाही. आता आठवा महिना लागेल. मोठं हॉस्पिटल घाटाखाली आणि घाट उतरणारी गाडी माझ्या हातात. नोकरी धरली ती यासाठीच.

४ जून
सकाळचा क्रम बसला. बोनेट उघडून आधी ऑईलची पट्टी पुसून बघायची. मग रेडिएटर. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, नुसतं पाणी घातलं तर थंडीत गोठून इंजिनच तडकेल, म्हणून कुलंट. ब्रेक ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. मग इंजिन चालू करून दहा मिनिटं घुरघुरू द्यायचं, तोवर दिवे तपासायचे. पुढचे समोरच्या भिंतीवर दिसतात. मागच्यांना मात्र माणूस लागतो. फाटकाशी पहारेकरी न्ताते मोखेती, सगळ्यांचे बाबा, असणारच, म्हणून सीटवरूनच ओरडलो, ब्रेकचा डावा दिवा लागतोय का? मागून उत्तर आलं, लागतोय. उजवा? तोही लागतोय. आभार मानायला उतरलो तर म्हातारा निघूनही गेला होता. कामापुरता माणूस दिसतोय.

९ जून
मानेओ आली. येताच चूल पेटवली, खिडकीच्या फटीत कापड कोंबलं आणि मला बजावलं की या वेळी पाळण्यासाठी लोकरीची शाल ती आधीच विणून ठेवणार. दोनदा घाबरून विणली नव्हती. मला बरं वाटलं.

तंबाखूची पुडी घेऊन मोखेतींकडे गेलो, रोज दिवे बघता म्हणून. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, पोरा, मी पहाटे पाचला घरी जातो, गुरं सोडायची असतात. तू येतोस सहाला. मग मागे कोण असतं, विचारलं. म्हणाले, आधीचा ड्रायव्हरही हेच विचारत असे. एक दिवस त्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि चालत घाट उतरला. म्हणे आता तो कुठल्याच गाडीत बसत नाही.
नव्या माणसाची फिरकी घेत असतील.

१४ जून
आज मागून उत्तर आलं, डावा लागत नाही. उतरून पाहिलं. पायडलवर वीट ठेवून पुन्हा पाहिलं. डावा लख्ख लागत होता. जमिनीवर गोठून पांढरं झालेलं दहिवर पडलेलं, त्यावर पावलं फक्त माझी.
दुपारी एका म्हाताऱ्या मेंढपाळाला खाली न्यायचं होतं, पाय मोडलेला. वाटेत तो गेला. पायाने कोणी मरतं का? डाव्या बाकावर होता.

२१ जून
आज उजवा.
मी उजवं बाक रिकामं ठेवलं. तापाची एक तरुण बाई आणि तिची बहीण, दोघींना डावीकडे बसवलं. हॉस्पिटलच्या दारात मागचं दार उघडलं तर बाई उजवीकडे. खिडकीतून वारा लागत होता म्हणून घाटात जागा बदलली, असं बहीण सांगत होती. तिला हलवून उठवत होती. ती उठली नाही.

म्मे मापुलेंगना सगळं सांगितलं. त्या चिडल्या. म्हणाल्या, रुग्णवाहिकेत माणसं मरतात, त्सेलिसो, ती काही नाचायला निघालेली नसतात. बायकोचे दिवस भरत आलेत, डोकं ठिकाणावर ठेव.
पण त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

२५ जून
विचारणं बंद केलं. तरी तो सांगतो. ब्रेकवर पाय पडला की सांगतो — लागतोय, लागतोय. आवाजात राग नाही, काही नाही. माझ्यासारखाच कामावर आलेला कोणी.
मानेओला बोललो नाही. पहिल्या तारखेला तिला खाली आत्याकडे सोडायचं. मग ही किल्ली आणि हा खिळा.

३० जून
बर्फ. घाट बंद.

२ जुलै
अजून बंद. शाल विणून झाली, पिवळी. तिने माझ्या हातात दिली. मी बाहेर जाऊन रडलो.

३ जुलै, सकाळ
पहाटे कळा सुरू. महिनाभर आधी. म्मे मापुलेंग म्हणाल्या, मूल आडवं आहे, इथे जमणार नाही, निघ, मी मागे बसते.
निघण्याआधी ब्रेकचे दोन्ही बल्ब काढले. माझ्या खिशात आहेत. आता तो काय बघणार आणि काय सांगणार?

घाटमाथ्यावर अडकलोय. पुढे यंत्र बर्फ सारतंय. इंजिन चालू, हीटर चालू, हँडब्रेक ओढलेला. पाय ब्रेकपासून लांब. हाताला काही हवं म्हणून लिहितोय.

सव्वाअकरा
झाली. मुलगी. म्मे मापुलेंगनी आत हात घालून फिरवली, कशी कोण जाणे. रडली — केवढ्याने रडली. नेओ. डाव्या बाकावर म्मे, उजव्यावर मानेओ, मध्ये औषधांच्या पेटीत पिवळ्या लोकरीत ती. मानेओ हसतेय. स्वतःलाच हाक मारून बघतेय, मानेओ, मानेओ.


यंत्रवाल्याने हात केला. रस्ता झाला. उतार सगळा पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय लावणार नाही —

गाडी अजून जागची हलली नाही, पाय लावलेला नाही. देवाशपथ नाही.
न विचारता —
डावा लागतोय.
उजवा लागतोय.
बल्ब माझ्या खिशात आहेत, मी चाचपून —

म्हणतो, मधला लागत नाही.
या गाडीला मधला दिवाच नाही
नाही
म्मे पेटीवर वाकल्यात. मानेओ विचारतेय, ही रडायची का थां